डोंगरवाटेची सायकल : निवड आणि सुधारणा

सायकलच्या दुकानात गेलेल्या मुलाची नजर प्रथम जाते ती जाड टायरांवर, चकचकीत फ्रेमवर आणि मागील बाजूस बसविलेल्या मोठ्या स्प्रिंगवर. फ्रेमवर ‘२१ गिअर’ किंवा ‘२४ गिअर’ अशी अक्षरे ठळकपणे रंगविलेली असतात. शेजारीच दुसरी एक साधी, काहीशी फिकट दिसणारी सायकल तेवढ्याच किमतीला उभी असते. तिला मागे स्प्रिंग नसते आणि गिअरही कमी असतात. घरातून मिळालेले पैसे मोजके असतात व पुढील काही वर्षे हीच सायकल वापरावयाची असते. अशा वेळी कोणती सायकल घ्यावी आणि पुढे थोडेथोडे पैसे साठवून तिच्यात कोणता बदल आधी करावा?

हा प्रश्न हौसेचा वाटला, तरी त्यात जिवाची जोखीम आहे. सह्याद्रीतील पायवाट असो, निलगिरीतील चहाच्या मळ्यांमधला कच्चा रस्ता असो की हिमालयातील खडीचा उतार असो, ऐन वळणावर ब्रेक लागला नाही, तर बाकीच्या भागांवर केलेला सारा खर्च व्यर्थ होय. सुदैवाने या प्रश्नाचे उत्तर शाळेतील पदार्थविज्ञानाच्या आधारे बरेचसे देता येते.

जुन्या सायकलींतून जन्मलेली सायकल

डोंगरवाटांसाठी बनविलेल्या सायकलीचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरिन नावाचा जिल्हा आहे व त्यात माउंट टॅमलपाइस हा डोंगर आहे. १९७० नंतरच्या काळात तेथील काही तरुणांनी १९३० ते १९५० च्या सुमाराच्या जुन्या, जड, फुगीर टायरांच्या सायकली भंगारातून अथवा अगदी थोड्या पैशांत मिळवून त्या डोंगर-उतारावरून पळविण्यास आरंभ केला. फेअरफॅक्स या गावाजवळील एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांची पहिली शर्यत झाली. या उताराला ‘रिपॅक’ असे नाव पडले होते. त्या नावामागे एक तांत्रिक कारण होते.

या सायकलींचा ब्रेक मागील चाकाच्या हबमध्ये, म्हणजे तुंब्यात असे. पॅडल उलटे दाबले की तो लागे. त्या उताराची उंची सुमारे ४०० मीटर भरते. स्वार आणि सायकल यांचे एकत्र वजन ८० किलोग्रॅम धरले, तर तेवढी उंची उतरताना ८० × ९.८ × ४००, म्हणजे सुमारे ३,१४,००० जूल इतकी स्थितिज ऊर्जा मुक्त होते. एक लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसपासून उकळेपर्यंत तापविण्यास जवळजवळ इतकीच ऊर्जा लागते. तिचा काही भाग हवेचा रोध आणि टायरांचे घर्षण यांत जातो. पण उतार तीव्र व वळणांचा असल्याने मोठा भाग ब्रेकवर पडे आणि त्या लहानशा तुंब्यात उष्णतेच्या रूपाने साठे. त्यातील ग्रीस जळून धूर निघे व खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून त्यात पुन्हा ग्रीस भरावे लागे. ‘पुन्हा भरणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दावरूनच उताराला ते नाव मिळाले.

त्या तरुणांपाशी पैसा नव्हता, परंतु काय बदलावयाचे हे त्या उतारानेच त्यांना शिकविले. त्यांनी अधिक भरवशाचे ब्रेक बसविले; ते दाबण्यासाठी मोटारसायकलीच्या मजबूत तरफा घेतल्या; चढ चढता यावा म्हणून साखळी एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकविणारे गिअर जोडले. मूळची फुगीर टायरे मात्र त्यांनी तशीच ठेवली, कारण खडबडीत वाटेवर तीच उपयोगी होती. जुन्या फ्रेमा मोडू लागल्या तेव्हा जो ब्रीझ याने १९७७ मध्ये या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम तयार केली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी अशा सायकली विकण्याचा उद्योग काढला. १९८१ मध्ये त्या कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर बाहेर पडू लागल्या आणि १९९६ मध्ये अटलांटा येथील ऑलिंपिक सामन्यांत या सायकलींची शर्यत प्रथमच झाली.

या इतिहासातून मिळणारा धडा साधा आहे. वापरात जो भाग खरोखर कमी पडतो तोच आधी बदलावा, आणि जो बदलता येणार नाही तो विकत घेतानाच नीट पारखावा.

घेताना काय पाहावे

टायर, ब्रेक, साखळी, बैठक हे सारे भाग पुढे बदलता येतात. फ्रेमचे माप बदलता येत नाही. म्हणून सर्वप्रथम सायकलीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहावे. वरच्या नळीवर काही सेंटिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे. ‘पुढे मूल वाढेल’ या विचाराने फार मोठी फ्रेम घेणे हा खोटा काटकसरीपणा आहे. घसरणीवर चटकन पाय टेकता येत नसेल, तर ती सायकल त्या स्वारासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे पुढील सुधारणांची सोय. आज रिम दाबणारे साधे ब्रेक असले, तरी फ्रेमवर आणि पुढील फोर्कवर चकतीचा, म्हणजे डिस्क ब्रेक बसविण्याची जागा आहे काय, हे पाहावे. अशी जागा नसल्यास पुढे केवळ ब्रेक विकत घेऊन भागत नाही. फ्रेममध्ये थोडे अधिक रुंद टायर मावेल का, हेही तपासावे.

तिसरी गोष्ट मागील चाकाच्या तुंब्याची. स्वस्त सायकलींत मागील दंतचक्रांचा संच तुंब्यावर आट्यांनी घट्ट बसविलेला असतो. त्याला फ्रीव्हील म्हणतात. अधिक चांगल्या रचनेत चक्रे केवळ सरकवून बसविलेली असतात व एकाच दिशेने फिरण्याची यंत्रणा तुंब्यातच असते. त्या चक्रांच्या संचाला कॅसेट म्हणतात. पहिल्या प्रकारात उजव्या बाजूचे बेअरिंग बरेच आत येते आणि आसाचा बाहेरचा लांब भाग निराधार राहतो. तरफेच्या नियमानुसार अशा आसावर धक्क्याचा ताण अधिक पडून तो वाकण्याचा संभव वाढतो. म्हणून दोन सायकलींची किंमत सारखी असेल, तर कॅसेट असलेली निवडणे हिताचे.

वापरलेली सायकल घेण्यात काहीच कमीपणा नाही. उलट त्याच पैशांत पुष्कळदा चांगली फ्रेम मिळते. मात्र फ्रेमचे सांधे, विशेषतः हँडलखालील सांधा, उजेडात बारकाईने पाहावा. रंगाला गेलेली बारीक रेघ म्हणजे धातूला गेलेली चीर असू शकते. दोन्ही चाके उचलून फिरवावीत; ती डुलता कामा नयेत. पुढील ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवावी. हँडलच्या मुळाशी खटखट लागली, तर तेथील बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे.

मागील स्प्रिंगचा मोहही येथेच आवरावा. धक्का गिळणाऱ्या यंत्रणेची दोन कामे असतात. स्प्रिंग धक्का साठवते. पण साठलेली ऊर्जा ती लगेच परत करते आणि सायकल उसळते. ही उसळी मंद करण्यासाठी तेलाचा किंवा तत्सम अवरोध लागतो. स्वस्त सायकलींत पुष्कळदा स्प्रिंग असते, पण हा अवरोध नसतो. मग पॅडल मारण्याच्या श्रमाचा काही अंश स्प्रिंग दाबण्यात जातो, वजन वाढते आणि झिजणारे सांधेही वाढतात. त्याच किमतीत मागे स्प्रिंग नसलेली सायकल घेतल्यास तो पैसा ब्रेक आणि चाके यांकडे वळलेला असण्याचा संभव अधिक असतो.

विनाखर्चाची सुधारणा

नवा भाग आणण्यापूर्वी जुन्याकडून पुरे काम घ्यावे. यास पैसा लागत नाही.

बैठकीची उंची अशी ठेवावी की टाच पॅडलवर ठेवली असता, पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ होईल. मग पायाचा चवडा पॅडलवर ठेवून सायकल चालविताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. बैठक फार खाली असली की मांड्या लवकर थकतात आणि दोष गिअरांना दिला जातो. अवघड उतारापूर्वी मात्र ती थोडी खाली करावी.

दुसरी फुकट सुधारणा म्हणजे टायरातील हवा. टायर जमिनीला किती भागाने टेकते, याचा अंदाज भारास हवेच्या दाबाने भागून काढता येतो. एकूण भार ८० किलोग्रॅम, म्हणजे ७८४ न्यूटन असेल आणि दाब दर चौरस इंचास ६० पौंड असेल, तर दोन्ही टायरे मिळून सुमारे १९ चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतात. दाब ३० पौंड केला, तर ती जागा दुप्पट, म्हणजे सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर होते. मऊ टायर लहान दगडांवरून उडत नाही, त्यांचा आकार घेते. त्यामुळे पकड वाढते व हातांना बसणारे हादरे कमी होतात. पण दाब फारच उतरविल्यास दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाऊन पंक्चर होते. म्हणून टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादांच्या आत राहून, दर खेपेस दोन-तीन पौंडांचा फरक करीत योग्य दाब शोधावा. डांबरी रस्त्यावर अधिक आणि मातीवर कमी, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ आहे.

पहिला खर्च : सुरक्षितता

पहिला पैसा शिरस्त्राणासाठी, म्हणजे हेल्मेटसाठी राखून ठेवावा. त्यातील फेसाळ पदार्थ आघाताच्या वेळी चिरडला जातो आणि डोक्याला थांबण्यास थोडा अधिक वेळ व अंतर मिळते; त्यामुळे आघाताचे बल घटते. एकदा चिरडलेला फेस पुन्हा तेच काम करीत नाही. म्हणून मोठ्या आपटीनंतर हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलले पाहिजे, आणि अनोळखी माणसाने वापरलेले हेल्मेट विकत घेऊ नये. ज्यावर युरोपीय मानक ईएन १०७८ किंवा तत्सम मान्य मानकाची नोंद आहे आणि जे डोक्यावर घट्ट बसते, असे साधे हेल्मेट पुरेसे आहे.

त्यानंतर ब्रेक. रिम दाबणारे ब्रेक असतील, तर प्रथम झिजलेली व कडक झालेली ब्रेकची रबरे आणि गंजलेल्या तारा बदलाव्यात. हा खर्च अगदी अल्प असतो, पण फरक पहिल्याच उतारावर जाणवतो. रिम ओली किंवा चिखलाने माखलेली असली की या ब्रेकांची पकड पुष्कळ कमी होते. चकती जमिनीपासून उंच असल्याने ती तितकी माखत नाही, हा डिस्क ब्रेकचा मोठा लाभ होय.

डिस्क ब्रेक दोन प्रकारचे असतात. एकात तार ओढली जाते. दुसऱ्यात नळीतील द्रवावर दाब दिला जातो व तो पास्कलच्या नियमाने दट्ट्यांपर्यंत पोहोचतो. दुसऱ्यात बोटांचा जोर कमी लागतो. तथापि पहिला दुरुस्तीस सोपा आहे आणि दूरच्या गावातही त्याची तार मिळते. चकती मोठी केल्यासही फरक पडतो. १६० मिलिमीटर व्यासाच्या चकतीऐवजी १८० मिलिमीटरची बसविली, तर तितक्याच दाबात चाक थांबविण्याची ताकद सुमारे १२ टक्क्यांनी वाढते. मात्र फोर्कला ती चकती चालेल, याची आधी खात्री करून घ्यावी. चकतीवर किंवा तिच्या पॅडवर तेलाचा थेंब पडू देऊ नये. आणि द्रवाच्या ब्रेकमध्ये खनिज तेल की दुसरा द्रव, जो निर्मात्याने सांगितला असेल तोच भरावा. चुकीच्या द्रवाने आतील रबरे खराब होतात.

ब्रेक कितीही उत्तम असला, तरी अखेर सायकल थांबते ती टायर आणि जमीन यांच्यामधील घर्षणाने. म्हणून ब्रेकनंतरचा पैसा टायरांवर खर्च करावा. दोनांपैकी एकच घेणे परवडत असेल, तर नवे टायर पुढील चाकास लावावे आणि पुढचे मागे न्यावे. मागील चाक घसरले, तर सायकल बहुधा सावरता येते. पुढील घसरले, तर स्वार पडतोच म्हणावयास हरकत नाही.

गिअर : संख्या आणि गुणोत्तर

गिअरांची संख्या मोठी असली की सायकल चढाला चांगली, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. पुढे २२, ३२ व ४२ दात्यांची तीन चक्रे आणि मागे ११, १३, १५, १८, २१, २४, २८ व ३२ दात्यांची आठ चक्रे आहेत असे समजू. कागदावर हे २४ गिअर झाले. आता पुढील दात्यांस मागील दात्यांनी भागावे. ४२ भागिले २८ म्हणजे १.५०, ३२ भागिले २१ म्हणजे १.५२, २२ भागिले १५ म्हणजे १.४७. तीन निरनिराळे गिअर, पण पायांना लागणारा जोर जवळजवळ एकच. अशी पुनरुक्ती संचात इतरत्रही आहे.

चढासाठी महत्त्वाचे असते ते सर्वांत लहान गुणोत्तर. चाकाचा परीघ २.२ मीटर धरू. ३२ ला ३२ लावले असता पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल २.२ मीटर पुढे जाते. २२ ला ३२ लावले असता सुमारे १.५ मीटर. १०० मीटरांत १० मीटर चढणाऱ्या वाटेवर ८० किलोग्रॅम भार वर नेण्यास सुमारे ७८ न्यूटन बल लागते. पॅडलचा सेकंदाला एक फेरा ठेवावयाचा, तर पहिल्या गिअरात सुमारे १७२ वॅट शक्ती लागेल. दुसऱ्यात सुमारे ११८ वॅट. जमिनीचा रोध यात धरलेला नाही. १७२ वॅट दीर्घकाळ टिकविणे बहुतेक नवशिक्यांना कठीण जाते. ११८ वॅटमध्ये वेग ताशी ८ किलोमीटरांवरून साडेपाचांपर्यंत उतरतो, पण उतरून सायकल ढकलण्याची वेळ येत नाही.

अलीकडे पुष्कळ डोंगरी सायकलींत पुढे एकच चक्र असते. पुढे ३२ आणि मागे ११ ते ५० दात्यांची बारा चक्रे असली, तर सर्वांत सोपा गिअर ०.६४ येतो. म्हणजे हे बारा गिअर चढावर वरील चोवीसांपेक्षाही सोपे पडतात. मात्र असा संपूर्ण संच महाग असतो, कारण दंतचक्रे, साखळी, हँडलवरील कळ आणि साखळी सरकविणारा डिरेलर हे सारे एकमेकांशी जुळावे लागते. काही वेळा मागील तुंबाही बदलावा लागतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या कळा आणि डिरेलर नेहमी जुळतातच असे नाही. म्हणून आधी स्वस्त उपाय पाहावा. पुढे ३२ आणि मागे सर्वांत मोठे चक्र ४२ दात्यांचे असेल, तर केवळ पुढील चक्र २८ दात्यांचे बसविल्याने प्रत्येक गिअर साडेबारा टक्क्यांनी सोपा होतो. एका लहान भागाच्या किमतीत डोंगर तेवढा सौम्य होतो!

साखळी : झीज आणि काटकसर

साखळी ‘ताणली’ गेली असे म्हणतात. वास्तविक पोलाद ताणलेले नसते. प्रत्येक सांध्यातील खीळ व तिच्याभोवतालचा भाग झिजतो आणि साऱ्या सांध्यांची झीज मिळून साखळी लांबते. ही झीज साध्या फूटपट्टीने मोजता येते. साखळीच्या दोन लगतच्या खिळ्यांमधील अंतर अर्धा इंच असते. म्हणून नव्या साखळीत शून्यावर एक खीळ धरली, तर चोविसावी पुढची खीळ बरोबर १२ इंचांवर येते. ती १२ इंचांच्या पुढे एक षोडशांश इंच गेली, तर साखळी बदलावी. एक अष्टमांश इंच गेली असेल, तर बहुधा दंतचक्रेही झिजलेली असतात. ११ किंवा १२ चक्रांच्या अरुंद साखळ्या याहून थोड्या आधीच बदलणे इष्ट.

लांबलेली साखळी दात्यांत नीट बसत नाही. भार मोजक्या दात्यांवर पडतो व ते कुरतडले जातात. साखळी स्वस्त असते, कॅसेट पुष्कळ महाग. वेळेवर बदललेली एक साखळी पुढचा मोठा खर्च वाचविते. चिखलातून आल्यावर साखळी फडक्याने पुसून प्रत्येक सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा व वरचे तेल पुसून घ्यावे. वर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि ती कानशीसारखे काम करते.

शेवटचा खर्च : फोर्क आणि वजन

पुढील फोर्क स्वाराच्या भाराने आपल्या एकूण हालचालीच्या सुमारे २० ते ३० टक्के दबावा. १०० मिलिमीटर हालचालीच्या फोर्कमध्ये हे अंतर २० ते ३० मिलिमीटर होते. फोर्कच्या नळीला दोरा बांधून, सायकलीवर हळूच बसून व उतरून ते मोजता येते. हवेच्या दाबावर चालणाऱ्या फोर्कमध्ये पंपाने हे जुळविता येते. स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कमध्ये ती सोय थोडीच असते. नव्या चांगल्या फोर्कची किंमत पुष्कळदा सायकलीच्या किमतीच्या जवळपास जाते. तेव्हा तेवढे पैसे साठले, तर ते या सायकलीवर घालावेत की पुढील सायकलीसाठी राखावेत, याचा शांतपणे विचार करावा.

हलक्या भागांचा मोह सर्वांत शेवटी. अर्धा किलोग्रॅम वजन कमी करण्यास मोठी रक्कम लागते. ८० किलोग्रॅमांत अर्धा किलोग्रॅम म्हणजे सुमारे ०.६ टक्के, तासभराच्या चढणीत फार तर वीस-पंचवीस सेकंद वाचतात. शर्यतीच्या स्वारास ते मोलाचे असतील. शाळेतून डोंगराकडे निघालेल्या मुलामुलींस नव्हेत.

म्हणून क्रम असा लागतो : योग्य मापाची फ्रेम, मग बैठक व हवा, ज्यांना पैसा लागत नाही, मग हेल्मेट, ब्रेक व टायर, मग चढास सोयीचे दंतचक्र आणि वेळेवर बदललेली साखळी, फोर्क व हलके भाग अखेरीस. मरिनच्या डोंगरावरील तरुणांनी भंगारातील सायकलींवर जवळपास हाच क्रम पाळला होता. कोणता भाग कमी पडला हे त्यांना जळालेल्या ग्रीसच्या धुराने सांगितले. आजच्या स्वाराला ते फूटपट्टी, हवेचा पंप आणि थोडा भागाकार यांच्या साह्याने, उतारावर पाऊल टाकण्यापूर्वीच समजू शकते.